मल्हारची चाकं

मल्हारची उजव्या हाताची चार बोटं कुपवाडला गेली. तिथल्या एका लाकडी सामानाच्या कारखान्यात तो शोभेची चाकं करायचा. गाडीला लावायची नव्हेत. हॉटेलाच्या दारात उभी करायची, लग्नाच्या लॉनवर मांडायची, फार्महाऊसच्या भिंतीला टांगायची. मधे तुंबा, तुंब्यावर कोरलेल्या कमळाच्या पाकळ्या, तुंब्यातून चौफेर निघालेले आरे आणि कडेनं वाकडे पुठे एकाला एक जोडून केलेला गोल. वरून पॉलिश. गोल करवतीवर फळी सरकवताना हात गेला. फळी मात्र शेवटपर्यंत सरळ कापली गेली, असं तो पुढं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. अंगठा तेवढा राहिला.

मालकानं दवाखान्याचा खर्च केला. वर एक जुनी करवतीची मशीन आणि हत्यारांची पेटी टेंपोत घालून दिली. "घरी बसून कर, झालेला माल मी घेतो," म्हणाला, आणि नंतर फोन उचलायचा बंद झाला.

मल्हारचं घर औंधाच्या पूर्वेला, माळावरच्या धनगरवस्तीत. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, मागं शेरडांचा गोठा. मेंढरं बापाच्या माघारी विकली होती. आई धोंडुबाई उरलेली शेरडं राखायची. बायको राणी दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. मुलगी सोनिया चौथीला होती.

बरेच दिवस मल्हारनं पेटी उघडलीच नाही. मग एका सकाळी डाव्या हातात पटाशी धरून बसला. बाभळीचा तुकडा पायानं दाबला आणि उजव्या हाताच्या खुंटानं लाकडी हातोडीसारखा मोगर मारायला गेला. पटाशी घसरून पोटरीत शिरली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसला. तिसऱ्या दिवशी त्यानं पटाशी दारातल्या शेरडावर फेकली.

"मुक्या जनावरानं काय केलंय तुजं?" धोंडुबाई म्हणाली.

"मग कुणाला मारू?"

राणी चुलीपुढं भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही. मल्हार तिच्या हातांकडं बघत राहिला. भाकरी या तळव्यावरून त्या तळव्यावर फिरत फिरत रुंद होत होती, कडा कुठं जाड नाही, कुठं पातळ नाही.

"भाकरी झाली की हिकडं ये," तो म्हणाला.

त्या दिवसापासून राणीचं खुरपायला जाणं थांबलं. ती खाली पोत्यावर बसायची, मल्हार वर बाजेवर. त्याच्या डाव्या हातात बाभळीचा एक तयार आरा असायचा. पटाशी तिरकी गेली की तो आरा तिच्या बोटांच्या पेरांवर बसायचा. मोठ्यानं नाही. पण रोज त्याच जागी.

"पटाशी अशी धरत्यात व्हय? मुसळ हाय का ती?"

"आवं, हात थरथरतोय."

"आसू दे थरथरत. हाय तरी."

धोंडुबाई शेरडं सोडता सोडता ऐकायची. एकदा राणीच्या डोळ्यांत पाणी बघून ती म्हणाली, "माज्या ल्योकाचा गेला, तुजा हाय. मग तू कशापायी रडतीस?"

"न्हाई आत्ती, भुसा गेला डोळ्यात," राणी म्हणाली.

बाभळीचं लाकूड कडू आणि चिवट. त्याची कुसळं नखाखाली मोडायची आणि तिथंच पिकायची. भांडी घासताना राख लागली की बोटांच्या चिरा पेटायच्या. खांदा इतका भरून यायचा की वेणी घालायला हात मागं जात नसे. सोनिया तिची वेणी घालायची, आणि विंचरता विंचरता केसांतला भुसा वेचून काढायची. पण हाताला हळूहळू लाकूड कळायला लागलं. गाठ कुठं आहे, ते मल्हारनं सांगायच्या आधी पटाशीच सांगायची.

दिवाळीच्या सुमाराला पहिलं चाक उभं राहिलं. मल्हारनं एकेक आरा अंगठ्यानं चाचपून बघितला. मग मोगरानं एक आरा ठोकून बाहेर काढला.

"ढिला हाय."

तो ढिला नव्हता. काढताना त्याला घाम फुटला होता. राणीनं आरा पुन्हा बसवला. मग चाक हळूच ढकललं. ते पडवीभर घरंगळत गेलं आणि भिंतीला टेकून थांबलं. राणीला हसू आलं.

"हसायला काय झालं?" मल्हार म्हणाला. "म्या सांगितलं, तू केलंस. बैल नांगर वडतो म्हून काय रान बैलाच्या नावावर हुतं?"

सांगलीचा विश्वजित लॉनना आणि हॉटेलांना सजावटीचं सामान पुरवायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून तो गाडी घेऊन वस्तीवर आला. चाकं त्यानं उलटीपालटी करून बघितली आणि तो बरी आहेत म्हणाला. मग त्याची नजर मल्हारच्या खुंटावर गेली, आणि बराच वेळ तिथंच राहिली.

"मल्हारदा, ह्या हातानं करता तुम्ही?"

मल्हार थांबला. राणी पोत्यावर बसलेली होती, मांडीवर तुंबा, तुंब्यावर अर्धी पाकळी.

"व्हय," मल्हार म्हणाला. "ही जरा हाताखाली असती."

विश्वजितनं राणीकडं बघितलं, तिच्या मांडीवरच्या तुंब्याकडं बघितलं. त्याला कळलं. कळलं तरी तो म्हणाला, "झकास. आपण रील काढू. सगळा महाराष्ट्र बघील."

सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पटाशी मल्हारच्या मनगटाला बांधली. बांधली राणीनंच, दुसऱ्या कुणाला तशी घट्ट जमली नसती. मल्हारला पोत्यावर बसवलं, राणीनं कोरलेला तुंबा पुढं ठेवला.

"वहिनी, जरा बाजूला. सावली पडतीया तुमची," विश्वजित म्हणाला. मग गाडीतून थर्माकोलचा पांढरा पत्रा काढून त्यानं तिच्याच हातात दिला. "हे असं धरा. उजेड दादांच्या तोंडावर गेला पाहिजे."

राणी उन्हात पत्रा धरून उभी राहिली. मल्हार कोरलेल्याच पाकळीवर पटाशी फिरवत होता. सोनियाला नवा फ्रॉक घालून बापाजवळ बसवलं.

"बोल बाळा. चाक कोण करतं?"

सोनियानं आईकडं बघितलं. मल्हार हळू आवाजात म्हणाला, "बोल की, सांगितलंय तसं."

"माझे पप्पा करतात. बोटं नाहीत तरी करतात."

"अजून एकदा. हसून."

तिनं हसून सांगितलं. दुसऱ्या खेपेला ती अडखळलीसुद्धा नाही. राणीचे हात भरून आले, पत्रा डुगडुगायला लागला, तसा मल्हार ओरडला, "नीट धर की गं."

रील कुठल्या कुठं गेलं. माणसं यायला लागली. कुणी साताऱ्याहून, कुणी वाईहून. मल्हारचा डावा हात हातात घेत, त्याच्या खुंटाचे फोटो काढत. शाली आल्या, नारळ आले. माणसं दिसतील म्हणून राणीचं पोतं मागं शेरडांच्या गोठ्यात गेलं. वर पत्रा तापायचा, खाली मुताचा वास डोळ्यांत चढायचा. गाडीचा आवाज आला की हातातलं काम थांबवायचं, कारण ठोकाठोक ऐकू जाता कामा नये. पाव्हणे गेले की दिवसाचं काम भरून काढायचं. चाक पुरं झालं की सळी लाल करून तुंब्याच्या पोटात 'मल्हार' अशी अक्षरं डागायची. तीही राणीच डागायची. शाळा पाचवीपर्यंतच झाली होती तिची, पण अक्षर वळणदार होतं.

मल्हारला चाकं आपलीच वाटायला लागली होती. एकटा असतानासुद्धा तो आईला सांगायचा, "आज म्या दोन तुंबे उरकले." धोंडुबाई मान डोलवायची.

एकदा पुण्याची एक बाई नवऱ्याबरोबर आली. पुरुष पडवीत बोलत बसले, ती घर बघत मागं गेली. गोठ्यात राणी गुडघ्यांत चाक धरून बसली होती. हातावर घट्टे, भुवयांवर भुसा.

"तुम्ही करता का हे?"

राणीनं दाराकडं बघितलं. कुणी नव्हतं.

"मी बी करते," ती म्हणाली.

एवढंच. पण बाईनं पडवीत येऊन कौतुकानं ते बोलून दाखवलं. मल्हार हसला. "व्हय व्हय, करती की, झाडलोट करती," म्हणाला. पाव्हणे हसले आणि निघून गेले.

गाडी ओढ्यापलीकडं गेल्यावर मल्हार गोठ्यात आला. त्या चाकावर तिचे बरेच दिवस गेले होते. पाकळ्यांच्या आत तिनं बारीक शिरा काढल्या होत्या, त्यानं न सांगता.

"खोल," तो म्हणाला.

"काय?"

"चाक खोल. एकेक आरा काढ."

तिनं काढले. मोगर मारून मारून घट्ट बसवलेले आरे, निघता निघत नव्हते. धोंडुबाई दारात येऊन उभी राहिली. एकदा म्हणाली, "आरं मल्हारी, माल हाय त्यो."

"आता आंघोळीचं पाणी ठेव. ह्येच घाल जाळाला."

राणीनं चूल पेटवली. आरे चांगले वाळलेले होते, लगेच पेटले. मग पुठे पेटले. तुंबा बराच वेळ नुसता काळा होत राहिला, मग पाकळ्यांच्या कडा लाल झाल्या. पाणी उकळलं. मल्हार दगडावर येऊन बसला. एका हातानं त्याला पाठ चोळता येत नसे, म्हणून आंघोळ रोज तीच घालायची. तिनं गार पाण्याचं विसण घातलं, तांब्या भरला आणि त्याच्या डोक्यावर ओतला.

"ऊन हाय का बरं?" तिनं विचारलं.

"हाय," तो म्हणाला. "पाठ घास."

पौषात यमाईच्या जत्रेला जोडून औंधला एका मंडळानं शेतीचं प्रदर्शन भरवलं. त्यात मल्हारचा सत्कार, आणि सगळ्यांसमोर चाक जोडून दाखवायचं, असं विश्वजितनं ठरवून टाकलं. मल्हार आधी गडबडला.

"काही नाही हो दादा," विश्वजित म्हणाला. "चाक तयार न्यायचं. एक आरा तेवढा बाहेर ठेवायचा. तुम्ही स्टेजवर ठोकायचा. झालं."

राणीनं त्या आऱ्याचं टोक रंध्यानं जरा जास्तच उतरवलं, जेणेकरून डाव्या हातानंही बसावा. मल्हारनं घरी ठोकून बघितला. बसला. त्यानं पुन्हा काढून पुन्हा ठोकला.

औंधला मांडवात गर्दी होती. राणी आणि सोनिया बायकांच्या बाजूला पुढं सतरंजीवर बसल्या. निघताना राणीनंच मल्हारला फेटा बांधला होता, पटाशी मनगटाला बांधली होती. त्याला शाल दिली, हार घातला. निवेदकानं त्याच्या बोटांची गोष्ट सांगितली, फळी सरळ कापली गेली तेसुद्धा. मग मल्हारनं आरा ठोकला. बसला. टाळ्या वाजल्या. मल्हारनं खाली राणीकडं बघितलं नाही.

तेवढ्यात पुढच्या रांगेतला एक पांढऱ्या मिशांचा म्हातारा उभा राहिला. त्याच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं.

"पाव्हणं, ठोकायचं आमाला बी यतंय. आमची सुतारकीच हाय. ह्या हातानं तुमी पाकळी कशी काढता, त्ये बगायला म्हसवडास्नं आलोय. एक पाकळी दावा की."

निवेदकानं लगेच माइकवर सांगितलं, "एक पाकळी होऊन जाऊ द्या. टाळ्या."

कोरा तुंबा कुठला, असं विश्वजित सांगायला गेला, तर म्हातारा म्हणाला, "ह्याच तुंब्याला मागं जागा हाय की मोकळी."

मल्हारनं चाक आडवं केलं. गुडघा ठेवला. मनगटाची पटाशी लाकडावर टेकवली आणि डाव्या हातानं मोगर मारला. पटाशी पॉलिशवर सर्रकन घसरली. लोक थांबून बघत होते. त्यानं पुन्हा टेकवली, पुन्हा मारला. तिसऱ्या फटक्याला ट्यूबची पट्टी सरकली, पटाशी उलटी फिरली आणि खुंटाच्या कातडीत गेली. रक्त चाकावर पडलं. मागून कुणीतरी हसलं. कुणी म्हणालं, "आरं, ह्याला तर यतच न्हाई." पुष्कळ हात फोन धरून वर झाले.

मल्हारनं मग खाली बघितलं.

"राणे," तो माइकजवळ म्हणाला, आणि ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "ये हिकडं. जरा धर."

राणी बसून राहिली. त्याची दया आली का दुसरं काही, तिला उमगलं नाही. उठावं असं वाटलंही एकदा. पण ती सतरंजीवरून हलली नाही.

"मम्मी, जा की," सोनिया तिचा पदर ओढत म्हणाली. "पप्पा बोलवतेत. रगत आलंय त्येंला."

विश्वजित स्टेजवरून उतरून आला, वाकून हळू बोलला, "वहिनी, चला पटकन. पाकळी तुम्ही काढा, मी सांगतो की बायकोपण शिकलीय म्हणून. सावरून घेऊ."

"मला काय यतंय?" राणी म्हणाली. आवाज तिनं खाली आणला नाही. आजूबाजूच्या बायका वळल्या. "मी झाडलोट करती. चाकं त्येंचीच हायत."

स्टेजवर मल्हार पट्टी सोडवायला बघत होता. रोज ती राणी सोडायची. गाठ मनगटाच्या आतल्या अंगाला होती, डाव्या हाताला नीट सापडेना. शेवटी त्यानं हात तोंडाशी नेला आणि दातानं गाठ ओढायला लागला. फेटा कानावर आला. फोन तसेच वर होते. पांढऱ्या मिशांचा म्हाताराच शेवटी स्टेजवर चढला, त्यानं गाठ सोडवली आणि आपल्या टॉवेलनं रक्त पुसलं. "माजं चुकलं, पाव्हणं," असं तो म्हणत होता.

घरी आल्यावर मल्हारनं तिला मारलं नाही. त्याचंच राणीला भ्या वाटलं. धोंडुबाईला मात्र दुसऱ्या दिवशी सगळं कळलं. तिनं राणीच्या पुढ्यातलं ताट ओढून घेतलं आणि शेरडापुढं ठेवलं.

"माज्या पोराला भर बाजारात नागवा केलास. खा आता."

मल्हार दातानं गाठ सोडवतोय तो व्हिडिओ त्या रीलपेक्षाही लांब गेला. शाळेत पोरं चार बोटं मिटून सोनियापुढं हात नाचवायला लागली. विश्वजितनं ठरलेला माल नको म्हणून कळवलं. राणीनं सोनियाकडून त्याला फोन लावून घेतला.

"चाकं कुणी केली त्ये तुमाला ठावं हाय," ती म्हणाली. "माल त्योच हाय की."

"वहिनी, माल काय, मिरजेत ढिगानं पडलाय," विश्वजित म्हणाला. आवाज पहिल्यासारखाच गोड होता. "लोक बोटं नसलेल्या माणसाची चाकं घेत होते. तुम्हाला दहाच्या दहा आहेत. त्याचं मी काय करू?"

राणी पुन्हा खुरपायला जायला लागली. पण एके दिवशी रानातून सुटल्यावर ती घरी न येता विट्याच्या रस्त्याला गेली. तिथं एक नवा धाबा झाला होता. त्याची मालकीण हरणाबाई तिच्या माहेरच्या बाजूची. राणीनं तिला सकाळीच घरून फडक्यात गुंडाळून नेलेला एक तुंबा दाखवला. हरणाबाईनं तो हातात फिरवला.

"आण चाकं. दारात दोन्ही अंगाला लावू."

"नावाचं काय न्हाई न्हवं? लोक काय बी बोलत्यात."

"बाईनं केलं काय नि बाप्यानं केलं काय, माज्या भिताडाला काय कळतंय?"

राणी माळावरून जवळजवळ पळतच आली. तिला भूक लागल्याचंही कळलं नव्हतं. वस्तीजवळ आली तेव्हा तिच्या दारात भंगारवाल्याची गाडी उभी दिसली. मशीन आधीच चढली होती. भंगारवाला हत्यारांची पेटी काट्यावर ठेवत होता. मल्हार बाजेवर बसून बघत होता. धोंडुबाई दाराला टेकून उभी होती. सोनिया शाळेतून येऊन दप्तर पाठीवरच ठेवून थांबली होती.

राणी सरळ गाडीपाशी गेली आणि काट्यावरनं पेटी खाली घेतली.

"बाई, मालकानं इकलंय," भंगारवाला म्हणाला.

"त्येंचे पैसं त्येंच्याकडनं घ्या माघारी. मशीन न्या. ह्ये न्हाई मिळायचं."

मल्हार उठला. बाजेखालची काठी त्यानं डाव्या हातात घेतली. पहिला फटका तिच्या पाठीत बसला, दुसरा खांद्यावर. राणी खाली बसली आणि पेटी दोन्ही हातांनी पोटाशी धरून राहिली. भंगारवाला मधे पडायला आला आणि थांबला. काठी मोडली. मल्हारनं तुकडा फेकला आणि पेटीतून डोकावणारी पटाशी धरून ओढायला लागला. राणीनं दुसऱ्या टोकाला धरली. डाव्या हाताची मूठ घामानं सरकत होती. त्यानं आधाराला उजवा हात पुढं आणला. अंगठा नुसताच लाकडी मुठीवर आपटत राहिला.

राणीनं मान वर करून त्याच्याकडं बघितलं. मग पटाशी त्याच्या मुठीतून सोडवली, आणि त्याच्यापुढं अलगद धरली.

"घ्या," ती म्हणाली. "कुठल्या हातानं घेताय? घ्या."

मल्हारचे दोन्ही हात तसेच पुढं राहिले. धोंडुबाईनं तोंडावर पदर धरला. आणि सोनिया हसली. तिला हसायचं नव्हतं. शाळेत पोरं हसायची तसलं ते हसू होतं, तिच्या तोंडातून आपोआप निसटलेलं. मल्हारनं पोरीकडं बघितलं. त्याचं तोंड एकदम लहान झालं. तो वळला आणि मागं शेरडांच्या गोठ्यात जाऊन बसला.

राणी उठली, तशा पेटीतल्या पटाश्या खाली सांडल्या. पाठ ठणकत होती. ती सोनियाजवळ गेली आणि तिनं पोरीच्या मुस्काटात मारली. घट्टे पडलेला हात होता तो, लाकडासारखा बसला. पोर भेलकांडली, दप्तर खांद्यावरनं घसरलं.

सोनिया रडली नाही. गालाला हातही लावला नाही तिनं. आजवर ती बापाकडं जशी धास्तावून बघायची, तशी आईकडं बघत उभी राहिली.

राणीनं खाली वाकून पटाश्या गोळा केल्या.